वाद्यांचें ध्वनिमुद्रण आणि लहान पडद्याचा मायक्रोफोन

शब्द कागदावर उतरतो, चित्र भिंतीवर राहतें, शिल्प तर शतकानुशतकें ऊनपाऊस सोसतें. परंतु नाद उत्पन्न होतांच नाहींसा होतो. आमच्या नगर जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी ही गोष्ट मनाला लागल्यावांचून राहत नाहीं. नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. राहुरी तालुक्यांतील ताहाराबादेस महीपतींनीं संतचरित्रें रचिलीं. संगमनेरास अनंतफंदी झाले. अकोळनेरास दासगणू महाराजांचा जन्म झाला. या सर्वांची वाणी आज छापील ग्रंथांतून आपणांस उपलब्ध आहे. परंतु महीपतींच्या कीर्तनांत जो कोणी मृदंग वाजवीत असेल, फंदींच्या मागें ज्यानें तुणतुणें छेडलें असेल, त्याच्या हाताचा एक ठोकाहि आतां ऐकावयास मिळणें नाहीं. फार कशाला, एकोणिसाव्या शतकांतले विख्यात पखवाजवादक नाना पानसे यांची परंपरा शिष्यप्रशिष्यांनीं आजवर चालविली, पण खुद्द नानांचा हात कसा पडत असे तें कोणीहि ऐकूं शकत नाहीं. कारण हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणास आरंभच मुळीं १९०२ सालीं झाला.

त्या वर्षीं ग्रामोफोन कंपनीचे तज्ज्ञ गायसबर्ग कलकत्त्यास आले व त्यांनीं गौहरजान प्रभृति कलावंतांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या काळीं विजेचा मायक्रोफोन प्रचारांत नव्हता. एका मोठ्या कर्ण्यांत गायकानें तोंड घालून खड्या आवाजांत गावें व त्या कंपनानें सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावी, अशी ती पद्धति होती. गायकाचा कंठ त्यांत कसाबसा सांपडे; मागचा तंबोरा व तबला बहुधा हरवूनच जाई. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला, तेव्हां कोठें साथीच्या वाद्यांस थोडाबहुत न्याय मिळूं लागला. आज तर एके काळीं मोठ्या कंपन्यांपाशींच असलेलीं साधनें मध्यम स्थितींतील कुटुंबाच्याहि आटोक्यांत आलीं आहेत. यास्तव तीं निवडावीं कशीं, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें लिहिण्यास एक निमित्तहि घडलें. नेवासें तालुक्यांतील एका गांवचे एक वृद्ध मृदंगवादक दोन वर्षांपूर्वीं वारले. पन्नास वर्षें त्यांनीं सप्ताहांतून भजनाची साथ केली होती. त्यांचा नातू आतां मृदंग शिकतो. आजोबांच्या वादनाची त्याच्यापाशीं एकच आठवण आहे, ती म्हणजे सप्ताहांत कोणीं तरी मोबाइलवर घेतलेलें अर्ध्या तासाचें मुद्रण. तें त्यानें आम्हांस ऐकविलें. टाळ वाजला कीं मोबाइलचें यंत्र आपण होऊन सगळाच आवाज खालीं ओढी, टाळ थांबला कीं वर चढवी; आणि मृदंगाचा बोल म्हणून जो ऐकूं येई तो केवळ एक दणका. ‘धा’ कोणता आणि ‘ता’ कोणता, हें त्या मुलास कळेना, आणि आम्हांसहि सांगतां येईना. मुद्रण घेणाराचा हेतु उत्तम होता. साधन मात्र त्या कामाचें नव्हतें.

कंडेन्सर मायक्रोफोन म्हणजे काय?

शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान ज्यांच्या स्मरणांत असेल त्यांस हें कळण्यास अडचण पडणार नाहीं. एका स्थिर धातूच्या पत्र्यासमोर केसाहूनहि पातळ असा एक पडदा ताणून बसविलेला असतो. पडद्यावर सोन्याचा अतिसूक्ष्म थर असल्यामुळें तोहि वीजवाहक होतो. हवेंतील कंपनें पडद्यावर आदळलीं कीं तो हालतो, पडदा व पत्रा यांमधील अंतर कमीजास्त होतें, व त्या मानानें त्यांची विद्युत् धारण करण्याची शक्तिहि बदलते. हा बदल म्हणजेच आवाजाचें विजेंतील प्रतिबिंब. अशा रचनेचा मायक्रोफोन अमेरिकेंत वेंटे नांवाच्या शास्त्रज्ञानें १९१६ च्या सुमारास सिद्ध केला. पुढें १९२८ मध्यें बर्लिन येथें नॉइमन यांनीं आपला कारखाना काढला व तेथील कंडेन्सर मायक्रोफोन जगभर गेले. १९६२ मध्यें सेसलर व वेस्ट या दोघांनीं कायमचा विद्युत्भार धरून ठेवणारा पडदा तयार केला. मोबाइल फोनांत अनेक वर्षें असेच इवलेसे मायक्रोफोन वापरले गेले.

या मायक्रोफोनास बाहेरून वीज पुरवावी लागते. बहुतेकांस ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो आवाज वाहून नेणाऱ्या तारेंतूनच जातो. त्यास ‘फॅन्टम पॉवर’ असें नांव आहे. ज्या यंत्रास मायक्रोफोन जोडावयाचा त्या यंत्रांत ही सोय आहे कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच पहावें.

पडदा लहान कां असावा?

बाजारांत दोन जाती दिसतात. एकीचा पडदा सुमारें एक इंच व्यासाचा असतो. तो मायक्रोफोन जाड, भारदस्त दिसतो, आणि चित्रपटांत गायक ज्याच्यासमोर उभे असतात तो हाच. दुसऱ्या जातीचा पडदा अर्ध्या इंचाच्या आसपास असतो व मायक्रोफोन पेन्सिलीसारखा सडपातळ असतो. म्हणून पुष्कळ लोक त्यास ‘पेन्सिल माईक’ असेंच म्हणतात. मोठें तें चांगलें, अशी आपली सामान्य समजूत असल्यामुळें ग्राहकाचें मन पहिल्याकडे ओढलें जातें. वाद्यांच्या बाबतींत ही समजूत बहुधा चुकीची ठरते, आणि कां तें साध्या भागाकारानें कळण्यासारखें आहे.

ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदास १०,००० कंपनें असलेल्या उंच स्वराची एक लाट म्हणून ३.४ सेंटिमीटर लांब होते. २०,००० कंपनांची लाट अवघी १.७ सेंटिमीटर. आतां एक इंचाचा पडदा म्हणजे अडीच सेंटिमीटर. समोरून आलेली लाट त्या सर्व पडद्यावर एकदम आदळते, तेव्हां कांहीं बिघडत नाहीं. परंतु बाजूनें आलेली लहान लाट पडद्याच्या एका कडेस दाबते तेव्हांच दुसऱ्या कडेस ओढत असते. दोन्हीं परिणाम एकमेकांस कांहीं अंशीं खोडून टाकतात आणि उंच स्वर मंदावतात. म्हणजे मोठा पडदा समोरचें जसें ऐकतो तसें बाजूचें ऐकत नाहीं. अर्ध्या इंचाचा पडदा सव्वा सेंटिमीटरचाच असल्यामुळें हा दोष त्यांत पुष्कळ कमी होतो. शिवाय तो हलका असतो; म्हणून टाळाचा टणत्कार, तारेवरचा नखीचा आघात, पुडीवर बोट पडल्याचा क्षण, हीं सर्व तो चटकन् टिपतो.

आपल्या वाद्यांस याचें महत्त्व विशेष आहे. गायकाचा आवाज एका तोंडांतून निघतो; पण मृदंग दोन तोंडांनीं बोलतो, सतारीचा नाद भोपळा, घोडी व तबली या सर्वांतून निघतो, आणि भजनी मंडळींत तर दहा टाळ दहा दिशांनीं वाजतात. अशा ठिकाणीं बाजूनें आलेला आवाजहि खराच ऐकूं आला पाहिजे.

मात्र लहान पडद्यासहि एक उणीव आहे. पडदा लहान म्हणून त्यावर उत्पन्न होणारी वीजहि थोडी, आणि त्या मानानें मायक्रोफोनाची स्वतःची सूक्ष्म ‘सूं’ अधिक. ही सूं डेसिबलांत मोजतात. नॉइमनच्या केएम-१८४ या लहान पडद्याच्या मायक्रोफोनाचा आंकडा १३, शुअरच्या एसएम-८१ चा १६, तर रोडच्या एनटी-१ या मोठ्या पडद्याच्या मायक्रोफोनाचा ५ च्याहि खालीं आहे. मृदंग, टाळ, सनई यांच्यापुढें ही सूं कोणासहि ऐकूं येणार नाहीं. एकटा तंबोरा अगदीं हलक्या हातानें छेडून मुद्रित करावयाचा असेल तर मात्र हा आंकडा पहावा. कीर्तनकारांच्या वाणीसाठीं मोठ्या पडद्याचा मायक्रोफोन घेण्यासहि आमची हरकत नाहीं. आमचें म्हणणें वाद्यांपुरतें आहे.

वाद्यांचे चार वर्ग

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले आहेत. मायक्रोफोन ठेवण्याच्या कामींहि हीच विभागणी सोयीची पडते.

घन म्हणजे टाळ, झांजा, चिपळ्या. यांचा आवाज उंच व आघात तीव्र. लहान पडद्याचें खरें काम येथेंच. मायक्रोफोन टाळाच्या कडेसमोर कधींहि धरूं नये. दोन वाट्या मिटतात तेव्हां कडेनें हवेचा झोत निघतो व तो पडद्यावर आदळून ‘फट्’ असा आवाज उमटतो. दोन हात अंतरावर, किंचित् वरून, तिरपा ठेवावा.

अवनद्ध म्हणजे मृदंग, पखवाज, तबला, ढोलकी, संबळ. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह १९२० मध्यें असें दाखविलें कीं, साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात, परंतु आपल्या मृदंगाच्या पुडीवर शाई भरल्यामुळें ते मूळ स्वराच्या पटींत येतात. म्हणूनच आपला मृदंग सुरांत लागतो. मायक्रोफोनानें हे उपस्वर न धरले तर उरतो तो केवळ दणका. साधल्यास दोन मायक्रोफोन घ्यावे. एक शाईच्या पुडीकडे, एक धुम्याकडे, प्रत्येक दीड-दोन वितींवर. एकच असेल तर वादकासमोर, दोन्हीं पुड्यांपासून समान अंतरावर, दोन-तीन हात दूर ठेवावा. मायक्रोफोन जास्तींत जास्त किती मोठा आवाज न फाटतां सहन करतो याचाहि आंकडा असतो. केएम-१८४ चा १३८ व रोडच्या एनटी-५ चा १४३ डेसिबल आहे. जोरकस हाताच्या पखवाजासहि तेवढा पुरून उरतो.

तत म्हणजे सतार, तंबोरा, वीणा, तुणतुणें. येथें मायक्रोफोन घोडीवर अगदीं रोखूं नये, नाहीं तर तारेची खरखर तेवढी येते. भोपळ्यासमोर खालींहि रोखूं नये, नाहीं तर आवाज घुमा होतो. तबलीवर, घोडी व दांडी यांच्या मधोमध, दीड ते दोन वितींवर प्रारंभ करून कानानें जागा ठरवावी. जवारी ऐकूं आली कीं जागा साधली असें समजावें.

सुषिर म्हणजे बांसरी व सनई. बांसरीच्या फुंकेच्या रेषेंत मायक्रोफोन कदापि नसावा. बोटांच्या छिद्रांवर, वरच्या अंगानें असावा. सनईच्या तोंडासमोर न धरतां बाजूस व दूर ठेवावा. पेटी हीहि वाऱ्याचीच. तिच्या भात्याचा श्वास मागच्या बाजूनें ऐकूं येतो, म्हणून मायक्रोफोन पुढून व वरून असावा.

दिशा आणि जागा

मायक्रोफोन ऐकतो कोणत्या दिशेनें, यावरूनहि त्याचे प्रकार होतात. एक चोहोंकडून सारखें ऐकणारा. त्यास ‘ओम्नी’ म्हणतात. दुसरा समोरचें ऐकून मागचें गाळणारा. त्याच्या श्रवणाची आकृति हृदयासारखी दिसते, म्हणून त्यास ‘कार्डिऑइड’ म्हणतात. ओम्नी अधिक स्वाभाविक ऐकतो, खालचे स्वर चांगले धरतो. परंतु खोलीचा सर्व घुमारा, गल्लींतली मोटार व वरचा पंखा हींहि इमानानें धरतो. कार्डिऑइड हें पुष्कळसें टाळतो; मात्र वाद्याच्या फार जवळ नेला तर खालचे स्वर नको तितके फुगवितो. म्हणून धुम्याजवळ तो वीतभर अंतरावर आणूं नये.

आमच्या भागांतील बहुतेक देवळें दगडी. गाभारा व सभामंडप यांत टाळी वाजविली तरी ती दोन-तीन सेकंद फिरत राहते. अशा ठिकाणीं कार्डिऑइड घ्यावा व वाद्याच्या जवळ जावें. मायक्रोफोनाचें अंतर दुप्पट केलें कीं थेट आवाजाचा दाब निम्मा होतो, पण दगडांतून फिरणारा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. तीन हात दूर ठेवलेला उत्तम मायक्रोफोन देवळांत हरतो तो यामुळेंच. उलट घरांत सतरंजी, लोड, कपड्यांनीं भरलेलें कपाट व पुस्तकांची मांडणी असलेली खोली मिळाली तर ओम्नीनें जें काम होतें तें फार सुंदर.

दोन वादकांस दोन मायक्रोफोन लावतांना एक नियम पाळावा: प्रत्येक मायक्रोफोन आपल्या वाद्यापासून जितका दूर असेल, त्याच्या निदान तिप्पट अंतर त्या दोन मायक्रोफोनांमध्यें असावें. नाहीं तर एकच आवाज दोन्हींकडे किंचित् पुढेंमागें पोहोंचून मिश्रणांत पोकळ होतो. सगळी भजनी मंडळी एकदम घ्यावयाची असल्यास फ्रान्सच्या नभोवाणीनें रूढ केलेली रीत सोपी आहे: दोन सारखे कार्डिऑइड एका काठीवर, त्यांच्या तोंडांमध्यें १७ सेंटिमीटर अंतर व ११० अंशांचा कोन ठेवून, मंडळींच्या समोर उंच धरावे. आपल्या दोन कानांस जसें डावें-उजवें कळतें तसें ऐकणारासहि कळतें.

विकत घेतांना

आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांनीं नातीच्या सतारीसाठीं शहरांतील एका दुकानांतून मोठ्या पडद्याचा महागडा मायक्रोफोन आणिला. खोली होती रस्त्यावरची; सतारीबरोबर रिक्षा, कुकरची शिटी व शेजारचा दूरदर्शन संच हेहि तितक्याच स्पष्टपणें मुद्रित झाले. त्याच पैशांत साध्या मायक्रोफोनांची एक जोडी, एक मजबूत उभी काठी व दारांखिडक्यांस जाड पडदे येऊन कांहीं शिल्लक उरली असती.

म्हणून खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवितों. प्रथम शांत जागा. तिला पैसा थोडा व विचार फार लागतो. रात्रीं उशिरा किंवा पहांटे, पंखा बंद करून काम करावें. दुसरें, न डगमगणारी काठी व चांगल्या तारा. तिसरें, ४८ व्होल्टची सोय असलेलें मुद्रणयंत्र. खेड्यांत वीज जाते म्हणून घटांवर चालणारें असल्यास उत्तम. पुष्कळ हातीं धरण्याच्या यंत्रांत दोन लहान कंडेन्सर मायक्रोफोन बसविलेलेच असतात, व नवशिक्यास प्रारंभीं तेवढेंहि पुरतें. चौथा क्रमांक स्वतंत्र मायक्रोफोनाचा. कांहीं हजारांत जोडी मिळते; श्योप्ससारख्या जर्मन कारखान्यांचा एकेक नग लाखाच्या पुढें जातो. या दोहोंतला फरक खरा आहे, पण चांगल्या व वाईट जागेंतला फरक त्याहून मोठा आहे. ज्यांचे पुढचे तोंड बदलून कार्डिऑइडचा ओम्नी करतां येतो अशा मायक्रोफोनांची जोडी मिळाली तर गृहस्थाश्रमी माणसानें तीच घ्यावी. एका खर्चांत देऊळ व घर दोन्हीं साधतात.

दुकानांत गेल्यावर माहितीपत्रकांतील तीन गोष्टी पहाव्या: स्वतःची सूं किती, सहनशक्ति किती, व दिशा कोणती. त्यानंतर शक्य असेल तर आपलेंच वाद्य नेऊन वाजवावें, आणि मायक्रोफोन समोरून व बाजूनें असा दोनदां ऐकावा. बाजूनें ऐकतांना आवाज केवळ लहान झाला तर मायक्रोफोन चांगला; मळकट झाला तर तो परत ठेवावा.

निगा

कंडेन्सर मायक्रोफोनाचे शत्रु दोन, धूळ व दमटपणा. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे उन्हाळ्यांत धूळ अतोनात. पश्चिमेस अकोले तालुक्यांत, रतनवाडी-घाटघरच्या बाजूस, पावसाळ्यांत भिंतींनाहि पाझर फुटतो. काम झालें कीं मायक्रोफोन डबींत ठेवावा व डबींत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. तोंडावर फुंकर मारून तो चालतो कीं नाहीं हें कधींहि पाहूं नये. तार जोडतांना वा काढतांना ४८ व्होल्टचा पुरवठा बंद असावा.

आणखी एक सूचना. मुद्रण सुरू करतांना प्रथम वादकानेंच आपलें नांव, गांव, गुरूचें नांव, वाद्याचा स्वर व तिथि सांगावी, आणि मग प्रत्येक बोल सावकाश, तोंडानें म्हणून, हातानें वाजवून दाखवावा. भजनाच्या गर्दींत दडून जाणारें ज्ञान या दहा मिनिटांत स्पष्ट उतरतें. मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या.

ज्यांच्या घरीं किंवा गांवीं सत्तरीच्या पुढचे वादक आहेत त्यांनीं उत्तम साधनाची वाट पाहत बसूं नये. येत्या चातुर्मासांत ठिकठिकाणीं सप्ताह होतील, मंडळी एकत्र येतील. ज्यांच्याजवळ ही पेन्सिलीएवढी वस्तु असेल त्यांनीं ती बरोबर न्यावी, सप्ताहाच्या गलबल्यांत नव्हे तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं वादकास एकटें बसवावें, चहा द्यावा, पंखा बंद करावा, आणि त्यांस म्हणावें, “बुवा, आतां सावकाश वाजवा.”